बाटलीवरचं गाव कुणाचं?

मागच्या दिवाळीत मावसभाऊ फ्रान्सहून आला तो वाइनची एक बाटली घेऊन. दिंडोरीचे मामा तेव्हा आमच्याकडेच होते. मामांची सहा एकर द्राक्षबाग, त्यातली दोन एकर वाइनच्या वाणांची. त्यांनी चष्मा लावला, बाटली उलटसुलट फिरवून पाहिली आणि कुठलाही बागायतदार विचारील तोच प्रश्न विचारला, "वाण कुठलं?"

लेबलवर वाण नव्हतंच. वर मोठ्या अक्षरांत 'जव्रे-शांबेर्तां', खाली बारीक अक्षरांत 'आपेलास्यों जव्रे-शांबेर्तां कोंत्रोले', साल आणि बाटली भरणाऱ्याचं नाव. संपलं. "म्हणजे पेटीवर नुसतं देवगड लिहायचं, आत हापूस आहे की पायरी ते सांगायचंच नाही?" मामा म्हणाले.

मामांची शंका रास्त होती. ती आता अनेकांना पडणार आहे, कारण भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या व्यापाराच्या वाटाघाटी २०२२ साली पुन्हा सुरू झाल्यापासून युरोपच्या वाइनवरचं आयात शुल्क आणि 'भौगोलिक मानांकन' हे दोन विषय बातम्यांत जोडीनेच येतात. शुल्काचं आपल्याला पटकन कळतं. मानांकन म्हणजे कुठलंतरी बक्षीस असावं, असं मात्र बऱ्याच जणांना वाटतं. तसं ते नाही. ही पद्धत ज्या देशात फार तपशिलात उभी राहिली त्या फ्रान्सकडे पाहिलं, की ते नेमकं काय आहे हे लक्षात येतं.

## पेटीवर देवगड लिहिलं म्हणजे काय झालं?

एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईच्या कुठल्याही चौकात 'अस्सल देवगड' लिहिलेल्या पेट्या दिसतात. त्यातल्या काहींतला आंबा कर्नाटकातून आलेला असतो. तो खायला वाईट असतो असं नाही. पण देवगडच्या बागायतदारांनी पिढ्यान् पिढ्या कातळावर कलमं जगवून त्या नावाला जी किंमत मिळवून दिली, ती भलताच कुणी वसूल करतो. गिऱ्हाईक फसतं आणि बागायतदारही बुडतो.

आता विचार करा, 'देवगड' हे नाव कुणाचं? एका व्यापाऱ्याचं नाही, एका बागेचं नाही. ते त्या भागातल्या सगळ्या बागायतदारांचं सामाईक आहे, गावच्या गायरानासारखं. गायरानावर हक्क सगळ्या गावाचा असतो, पण कुणी किती जनावरं सोडायची याचे नियम नसतील तर चार वर्षांत तिथे गवत उरत नाही. नावाचंही तसंच आहे. सामाईक नाव टिकवायचं तर हद्द ठरवावी लागते, नियम करावे लागतात आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारं कुणीतरी लागतं.

फ्रान्समधल्या या व्यवस्थेचं नाव 'आपेलास्यों द'ओरिजिन कोंत्रोले', म्हणजे मूळस्थानाचं नियंत्रित नाव. लघुरूप एओसी, आणि पुढे मी तेच वापरतो. या तीन शब्दांतला वजनदार शब्द 'नियंत्रित' हा आहे.

## नावासाठी रक्त सांडलं

ही व्यवस्था एखाद्या हुशार अधिकाऱ्याने टेबलावर बसून रचली असं वाटू शकतं. प्रत्यक्षात तिच्यामागे पन्नास-साठ वर्षांची उपासमार, दंगली आणि गोळीबार आहे.

१८६०च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची माव्याच्या जातीची कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचली. ती वेलीच्या मुळ्यांवर जगते. अमेरिकी वेलींना तिची सवय होती, युरोपच्या वेली मात्र सरसकट मरू लागल्या. अखेर सापडलेला उपाय आपल्या बागायतदारांच्या ओळखीचा आहे: खुंट अमेरिकी, त्यावर कलम युरोपच्या वाणाचं. नाशिक-सांगलीकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात ते खारं पाणी आणि पाण्याचा ताण यांच्यासाठी; कारण वेगळं, पण युक्ती तीच.

उपाय देशभर पोहोचेपर्यंत वर्षं गेली. वाइनचा तुटवडा पडला आणि तो भरून काढायला नकली माल आला. बाहेरून आणलेले मनुके पाण्यात भिजवून, साखर घालून आंबवायचे आणि त्यावर नामांकित गावाचं नाव लावायचं. पुढे बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण नकली माल गेला नाही. अल्जीरियातून येणारी स्वस्त वाइनही होतीच. भाव कोसळले. १९०५ साली भेसळविरोधी कायदा झाला, तरी दक्षिणेतल्या लांगदॉक भागात शेतकऱ्याचा उत्पादनखर्चही निघेना.

१९०७ मध्ये तिथे उठाव झाला. मार्सेलां आल्बेर या खेड्यातल्या साध्या माणसाने सुरू केलेल्या चळवळीला जूनमध्ये मोंपेलिए शहरात पाच लाखांहून अधिक माणसं जमली. नार्बोन शहरात सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं मेली. सतराव्या पायदळ पलटणीत त्याच भागातली पोरं होती. आपल्याच लोकांवर बंदुका रोखण्याची वेळ येईल म्हणून त्यांनी बंड केलं. त्याच महिनाअखेर सरकारने वाइनमधल्या पाणी-साखरेच्या भेसळीविरुद्ध नवा कायदा केला आणि प्रत्येक उत्पादकाला दरवर्षी आपलं पीक जाहीर करणं बंधनकारक झालं. आपल्याकडच्या पीक पाहणीसारखीच ही नोंद. एखाद्या गावात पिकलं किती हे कागदावर आलं, तरच त्या गावाच्या नावाने विकलं किती हे तपासता येतं.

शॅम्पेन प्रांतातली गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. तिथले काही मोठे व्यापारी ल्वार नदीच्या खोऱ्यातून वगैरे द्राक्षं आणून त्याची 'शॅम्पेन' करत. १९०८ मध्ये सरकारने प्रांताची हद्द आखली, तर ओब जिल्हा बाहेर राहिला. १९११च्या जानेवारीत मार्न जिल्ह्यातले शेतकरी व्यापाऱ्यांच्या तळघरांवर तुटून पडले, पिंपं फोडली, वाइन ओतून दिली. हद्दीबाहेर ठेवल्याचा राग ओबवाल्यांना होताच. एप्रिलमध्ये पॅरिसच्या सिनेटने हद्दच रद्द करण्याच्या बाजूने मत दिल्यावर मार्नचे शेतकरी पुन्हा भडकले आणि आय गावात जाळपोळ झाली. सैन्य बोलवावं लागलं. ओबला पूर्ण मान्यता मिळायला १९२७ साल उजाडलं.

नकाशावरची एक रेघ एखाद्याला उपाशी ठेवू शकते, हे त्या पिढीने सोसून शिकलेलं आहे.

## नुसती हद्द का पुरली नाही?

१९१९च्या कायद्याने गावाच्या नावाचे तंटे कोर्टाकडे सोपवले. कोर्टाने हद्द ठरवायची, हद्दीतला माल असेल तर नाव वापरायचं. यात एक मोठं भोक होतं. हद्दीतली पाणथळ जमीन असो, तिथे भरपूर पिकणारं हलकं वाण लावलेलं असो, नाव तेच मिळू लागलं. हद्दीत राहून नाव बुडवण्याची सोय झाली.

हे भोक बुजवलं दोघांनी. बारों ल रुआ हे शातोनफ-द्यु-पाप गावचे वकील आणि द्राक्षबागायतदार. १९२३ मध्ये गावकरी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी अट घातली की शिस्त आधी आपण स्वतःला लावायची. कुठली वाणं चालतील, छाटणी कशी करायची, वाइनमध्ये अल्कोहोल किमान किती हवं, सडकी-कच्ची द्राक्षं निवडून टाकायची, सगळं लिहून काढलं. हद्द ठरवण्याची त्यांची एक खूण मला फार आवडते: जिथे लॅव्हेंडर आणि थाइम या रानवनस्पती आपोआप उगवतात तेवढीच जमीन धरायची, कारण ती दोन्ही झुडपं रुक्ष, निचऱ्याच्या जागीच येतात. आपला शेतकरी कुठलं गवत उगवतं यावरून जमिनीची जात सांगतो, तशीच ही पारख.

दुसरे जोसेफ काप्यु, बोर्दो भागातले शेतीशास्त्राचे प्राध्यापक, पुढे कृषिमंत्री आणि सिनेटर. त्यांनी हीच कल्पना देशपातळीवर नेली. ३० जुलै १९३५च्या आदेशाने एओसीची व्यवस्था आणि तिच्यावर देखरेख करणारी राष्ट्रीय समिती जन्माला आली. तीच आजची 'इनाओ' ही संस्था. १५ मे १९३६ रोजी पहिली नावं जाहीर झाली: आर्ब्वा, कासी, मोंबाझियाक, तावेल आणि अर्थात शातोनफ-द्यु-पाप.

## नियमवहीत काय लिहिलेलं असतं?

प्रत्येक एओसीची एक नियमवही असते. तिचा पहिला मसुदा त्या भागातल्या उत्पादकांची संस्था करते, इनाओ तो तपासते आणि मंजूर झाला की त्याला कायद्याचं बळ मिळतं. तपासणी स्वतंत्र यंत्रणा करते.

जव्रे-शांबेर्तांचीच वही घेऊ. हे बर्गंडी प्रांतातलं गाव. मामांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. या नावाने फक्त लाल वाइन करता येते आणि तिचं मुख्य वाण पिनो न्वारच असावं लागतं. म्हणून लेबलवर वाण लिहायची गरज उरत नाही. गावाचं नाव वाचलं की जाणकाराला वाण कळतं. शाब्ली म्हटलं की पांढरी वाइन आणि शार्दोने हे वाण. आपण गावाचं नाव न घेता नुसतं 'आंबेमोहर' म्हणतो, त्याच्या अगदी उलट.

हद्द गावाच्या वेशीवर थांबत नाही, ती सर्व्हे नंबरपर्यंत जाते. या गटातली द्राक्षं जव्रे-शांबेर्तां, शेजारच्या गटातली नुसती बुर्गोन्य, म्हणजे बर्गंडी प्रांताची. सातबाऱ्यावर एका कोपऱ्यात वाइनचा दर्जा लिहून आला तर कसं होईल, तसं समजा. साहजिकच जमिनीचे भाव त्यावर ठरतात.

मग लागवड. बर्गंडीच्या या पट्ट्यात हेक्टरी किमान ९,००० वेली लागतात, म्हणजे एकरी साडेतीन हजारांहून जास्त. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी हजारही बसत नाहीत. आणि उत्पन्नाला वरची मर्यादा आहे: हेक्टरी ४० हेक्टोलिटरच्या (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) आसपास वाइन, म्हणजे एकरी साधारण सव्वादोन टन द्राक्षं. हे सांगितल्यावर मामांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. खाण्याच्या द्राक्षांचं एकरी दहा टन काढणाऱ्या माणसाला कमी पिकवण्याचा कायदा असतो हे पटणं कठीण. पण वेलीवर घड जास्त ठेवले की प्रत्येक घडाच्या वाट्याला येणारी साखर, रंग, वास कमी होतो, हे विरळणी करणाऱ्या मामांना मुळातच माहीत होतं. सिंचनावरही बहुतेक एओसींत कडक बंधनं आहेत, आणि ठिबकशिवाय बाग ही कल्पना मामांना त्या सव्वादोन टनांपेक्षाही अवघड गेली.

शॅम्पेनची वही आणखी बारकाईची: तोडणी हातानेच, दुसरं आंबवणं त्याच बाटलीत, बाजारात आणण्याआधी किमान १५ महिने मुरवणं, आणि एकाच सालाची असेल तर तीन वर्षं.

## मातीची चव खरंच लागते का?

फ्रेंच लोक 'तेर्वार' असा एक शब्द सतत वापरतात. जमीन, उतार, ऊन, वारा, पाऊस आणि ते ओळखून तिथे पिढ्यान् पिढ्या शेती करणारी माणसं, या सगळ्याचा मिळून जो गुण लागतो तो तेर्वार. यावर बरेच जण नाक मुरडतात: हे विकण्यासाठी रचलेलं काव्य आहे, चुनखडी काय वाइनमध्ये उतरते?

चुनखडी तशी उतरत नाही, हे खरंच आहे. दगडाची चव मुळ्यांतून घडात येत नाही. पण दगड पाण्याचं काय करतो, त्याने फार फरक पडतो. बर्गंडीतली ती प्रसिद्ध टेकडी पूर्वेकडे उतरते. अगदी वर माती पातळ आणि हवा थंड, द्राक्ष उशिरा पिकतं. पायथ्याशी हमरस्त्याजवळ माती जाड, पाणी साचतं, वेल पानांवर जोर देते. मधल्या पट्ट्यात निचरा चांगला, सकाळचं ऊन लवकर मिळतं. सगळ्यात नामवंत बागा बरोबर त्या मधल्या पट्ट्यात आहेत. काळ्या रानातलं द्राक्ष आणि मुरमाड माळावरचं द्राक्ष यांतला फरक नाशिककडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वाण एकच, गुण वेगळा.

मध्ययुगात तिथल्या सिस्टर्शियन साधूंनी शतकानुशतकं हे फरक पाहिले, नोंदवले, काही बागांभोवती भिंती घातल्या. त्यातली क्लो द वुजो ही सुमारे ५० हेक्टरांची बाग आजही भिंतीत उभी आहे, फक्त वाटण्या होत होत तिचे आता ऐंशीच्या आसपास मालक झालेत. भाऊबंदकीने जमिनीचे तुकडे पडणं ही काही आपलीच मिरास नाही.

## नाव जितकं छोटं तितकी वाइन मोठी

बर्गंडीची उतरंड पत्त्यासारखी वाचायची. 'महाराष्ट्र' लिहिलं तर पत्ता मोघम, 'दिंडोरी तालुका' लिहिलं तर जरा नेमका, गाव आलं तर अजून नेमका, गट नंबर आला तर थेट दारात. तिथेही सगळ्यात खाली 'बुर्गोन्य', म्हणजे प्रांतात कुठूनही. त्यावर गावाचं नाव. त्यावर 'प्रमिए क्रू', म्हणजे गावातली ठरावीक नामवंत बाग. हिचं नाव गावाच्या नावानंतर लागतं. शिखरावर 'ग्रां क्रू': अशा फक्त ३३ बागा, आणि त्यातल्या बहुतेकांच्या लेबलवर गावाचं नावच नसतं, नुसतं बागेचं.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. मुळात गावाचं नाव जव्रे. त्यातली शांबेर्तां ही बाग एवढी गाजली की १८४७ मध्ये गावाने तिचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. पुढे प्युलिन्यी गावानेही मोंराशे या बागेचं नाव असंच जोडलं. त्यामुळे 'जव्रे-शांबेर्तां' ही गावची वाइन, आणि नुसतं 'शांबेर्तां' म्हणजे ग्रां क्रू, कितीतरी पट महाग.

त्यात 'ग्रां क्रू' हे शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरले असते तरी बरं. बर्गंडीत ते जमिनीच्या तुकड्याला लागतात, शॅम्पेनमध्ये अख्ख्या गावाला (अशी १७ गावं आहेत), तर बोर्दो भागातल्या सेंत-एमिलियोंमध्ये 'सेंत-एमिलियों ग्रां क्रू' ही जरा कडक नियमांची वेगळी एओसी आहे आणि तिचा दर्जाच्या यादीशी थेट संबंध नाही. तिथे यादीतली वाइन हवी तर पुढे 'क्लासे' हा शब्द शोधावा लागतो. ही यादी साधारण दर दहा वर्षांनी नव्याने करतात आणि त्यावरून अनेकदा कोर्टकज्जे होतात. शेवाल ब्लां आणि ओझोन ही दोन सर्वोच्च घराणी २०२१ मध्ये तिच्यातून स्वतःहून बाहेर पडली.

बोर्दोची प्रसिद्ध यादी १८५५ची, तिसऱ्या नेपोलियनच्या काळातल्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली. दलालांनी कुठल्या वाइनला आजवर काय भाव मिळाला हे पाहून पाच पायऱ्या लावल्या. त्यानंतर वरच्या पायरीत एकच बदल झाला: १९७३ मध्ये मुतों रॉथशिल्ड दुसरीतून पहिलीत गेली. ही यादी जमिनीची नाही, घराण्यांची आहे. अशा घराण्याने त्याच एओसीतली शेजारची बाग विकत घेतली तर तिथली द्राक्षंही त्याच दर्जाच्या बाटलीत जाऊ शकतात. मला बर्गंडीची रीत अधिक प्रामाणिक वाटते.

## एओसी म्हणजे चांगली वाइन, असं समजायचं ना?

नाही. आणि हे नीट समजून घ्यायला हवं.

फ्रेंच वाइनच्या तीन कायदेशीर पायऱ्या आहेत. सगळ्यात कडक एओसी. युरोपीय संघाच्या भाषेत एओपी, बाटलीवर दोन्हींपैकी काहीही दिसू शकतं. अशी नावं साडेतीनशेहून अधिक आहेत. मधली आयजीपी (संरक्षित भौगोलिक नाव): प्रदेश मोठा, नियम सैल, वाणांची निवड मोकळी आणि वाणाचं नाव लेबलवर सहसा ठळक. खालची 'व्हां द फ्रांस': द्राक्षं फ्रान्समधली कुठलीही.

या पायऱ्या बंधनं मोजतात. बंधनं जास्त म्हणजे चव चांगलीच, असा अर्थ होत नाही. पाककृती बरहुकूम करूनही पुरणपोळी फसू शकते. एओसीत कंटाळवाणी वाइन भरपूर मिळते. उलट, लांगदॉकमधल्या 'मास द दोमा गासाक' या मळ्याने काबर्ने सोव्हिन्यों लावली. १९७८च्या पहिल्या वाइनपासून त्यांना खालच्या दर्जाचं लेबल मिळालं, कारण त्या भागाच्या एओसीत ते वाण बसत नव्हतं. जाणकारांनी ती नामांकित बोर्दोच्या तोडीची मानली. आज अनेक तरुण उत्पादक समजून-उमजून 'व्हां द फ्रांस' लावतात. आपली वाइन गढूळ दिसते किंवा गावच्या नेहमीच्या चवीशी जुळत नाही म्हणून चव-तपासणीत नापास होण्यापेक्षा त्यांना मोकळेपणा बरा वाटतो.

आणखी एक सांगतो, दुकानात उपयोगी पडेल. 'ग्रां व्हां द बोर्दो', 'रेझेर्व्ह', 'व्हिएय व्हीन्य' (म्हणजे जुन्या वेली) या भारदस्त शब्दांमागे कायद्याचा ठरावीक दर्जा नाही. 'शातो'साठी राजवाडा असावा लागत नाही; आपल्याच बागेतली द्राक्षं आणि एओसी हवी. लेबलवर पाहायचं ते 'आपेलास्यों' आणि 'कोंत्रोले' यांच्या मधलं नाव.

## हवा बदलली, वही बदलेल का?

मला सगळ्यात गंभीर वाटणारा आक्षेप हा आहे. नियमवही एका ठरावीक हवामानाच्या अनुभवावर लिहिलेली आहे, आणि ते हवामान आता राहिलेलं नाही. बोर्दोमध्ये मेर्लो हे वाण वाढत्या उष्णतेत फार लवकर पिकतं, साखर चढते, अल्कोहोल वाढतं. गावाचं नाव एका वाणाशी बांधलेलं असेल तर त्या शेतकऱ्याने करायचं काय?

२०२१ मध्ये इनाओने बोर्दो आणि बोर्दो सुपेरियर या एओसींना सहा नवी वाणं प्रयोगादाखल मान्य केली. त्यात पोर्तुगालकडचं तुरिगा नास्योनाल आहे, काबर्ने सोव्हिन्यों आणि ग्रनाश यांच्या संकरातून झालेलं मार्सलां आहे. पण अटी पाहा: बागेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, तयार मिश्रणात १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि लेबलवर नाव घालायचं नाही. ही चाल फार सावध आहे. वही सहज बदलता येत नाही म्हणून नावावर विश्वास बसतो, आणि नेमकं तेच आता शेतकऱ्याच्या जिवावर येतंय. यावर सोपं उत्तर मला दिसत नाही.

## आपल्याच गावाचं नाव लावायची बंदी?

स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात शॅम्पेन नावाचंच एक छोटं गाव आहे. तिथेही वाइन होते, साधी, बुडबुड्यांशिवायची. स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ यांच्यातल्या करारामुळे २००४ पासून त्या गावाला स्वतःचं नाव स्वतःच्या वाइनवर लावता येत नाही. नावाचं रक्षण कमजोराला बळ देतं असं आपण म्हणतो. इथे ते बळकटाच्या बाजूने उभं राहिलं. मला त्या गावाची बाजू न्याय्य वाटते.

त्याच नावाचं दुसरं टोक आपल्या दिंडोरीत आहे. मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने २०१३ मध्ये नाशिकच्या द्राक्षांची 'शांदों' ही फसफसती वाइन बाजारात आणली. दुसरं आंबवणं बाटलीतच, कंपनी तीच जी मोएत-ए-शांदों शॅम्पेन करते. तरी या बाटलीवर शॅम्पेन लिहिता येत नाही. नाव कंपनीचं नाही, जागेचं आहे. शॅम्पेन आणि कोन्याक ही दोन्ही नावं चेन्नईतल्या भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीतही आहेत.

त्याच नोंदवहीत 'नाशिक व्हॅली वाइन' आहे आणि २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांचा हापूसही आहे. आपला कायदा १९९९चा, अमलात आला २००३ मध्ये. आपल्याकडे नाव नोंदवलं की पेढे वाटून विषय संपतो. नाव नोंदल्यावर प्रत्येक उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते, हे किती जणांना ठाऊक आहे? २०२५च्या हंगामात देवगडच्या बागायतदारांनी फळागणिक सांकेतिक क्रमांकाची स्टिकर लावायला सुरुवात केली, तेव्हा मला १९०७च्या त्या पीक-नोंदणीची आठवण झाली. पिकलं किती आणि विकलं किती, हिशेब तिथूनच सुरू होतो.

जाताना मामांनी विचारलं, "तुझ्या त्या फ्रेंचांनी आपल्या वाइनच्या तुकड्यात रेघ कुठून मारली असती रे?" मग उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणाले, "वरचा माळ धरला असता. खालचा ओढ्याकाठचा अर्धा एकर सोडला असता." वायनरी त्यांना साखर मोजून भाव देते, माळाचा की ओढ्याचा हे तिथे कुणी विचारत नाही. तरी गोडी छाटणीपासून त्या अर्ध्या एकराचं वेळापत्रक मामा वेगळं ठेवतात, आणि तोडणीच्या दिवशी तिथला माल वेगळ्या क्रेटमध्ये भरतात.